पेढे न आणलेली माणसं

मला पेढे आवडत नाहीत. लोकांना वाटतं, बाईला शुगर असेल. शुगरबिगर काही नाही, राग आहे. तो कुठून आला ते एकदा सांगून टाकते, म्हणजे दर दिवाळीला 'एक तरी घ्या हो मॅडम' करणाऱ्यांची तोंडं बंद होतील.

माझा मामा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होता. आईचा थोरला भाऊ. आमच्या नात्यागोत्यात त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. कुणाच्या पोरानं काय शिकायचं, पोरीनं कुठवर शिकायचं, ते मामा ठरवायचा, आणि दर वेळी एकच ठरवायचा. बारावी आर्ट्स करा, डी.एड. करा, मास्तर व्हा. पोरगं हुशार असलं तरी डी.एड., मठ्ठ असलं तरी डी.एड. ताप असो, खोकला असो, कंबर धरलेली असो, एकच पांढरी गोळी देणारा कंपाउंडर असतो ना, तसलं काम.

याचं मूळ आजोबांत होतं. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि उर्दूच्या जागी गावोगाव मराठी शाळा निघाल्या. शिकवायला माणसं मिळंनात. आजोबा मराठी सातवी शिकलेले. ते आडावर बैलाला पाणी पाजत होते, तिथं तालुक्याचा माणूस आला, म्हणाला, चला, तुम्ही उद्यापासून मास्तर. कासरा दुसऱ्याच्या हातात देऊन आजोबा मास्तर झाले. ही गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली की तो बैल कोणत्या रंगाचा होता हेसुद्धा मला पाठ आहे. पण त्या गोष्टीत नोकरी आपल्या पायानं चालत आली होती, हे कुणी बघितलंच नाही. मधे साठ वर्षं गेली, तरी मामा दार उघडं ठेवून तालुक्याच्या माणसाची वाट बघत होता.

मामाकडं रविवारी दरबार भरायचा. ज्याला नोकरी लागली तो किलोभर पेढे घेऊन यायचा, मामाच्या पाया पडायचा. मामी डबा देवापुढं ठेवायची. मग जो कुणी बसलेला असेल त्याच्याकडं बघून मामा म्हणायचा, "बघा, अजून एक लागला." रिकामे डबे मामी टाकत नसे. एका डब्यात बटणं, एकात औषधाच्या गोळ्या, एकात मेथीचं बी. कपाटावर डब्यांची उतरंड लागलेली. त्या घरात पाय ठेवला की पहिली नजर तिकडंच जायची, आणि जावी अशीच ती रचली होती.

आम्ही बजाजनगरला राहायचो. बाबा वाळूजच्या एका कंपनीत प्रेस चालवायचे. खंडेनवमीला कंपनीत मशीनची पूजा असायची आणि त्या दिवशी घरच्यांना आत सोडायचे. मी नववीत होते. बाबांच्या प्रेसला झेंडूचा हार घातलेला, हळदकुंकू लावलेलं. बाबांनी बाजूला काढून ठेवलेला एक जड लोखंडी ठोकळा दाखवला. "ही डाय. हिच्यावर पत्रा दाबला की पाहिजे तो आकार निघतो. ही नसंल तर माझी प्रेस म्हणजे नुसतं ओझं." मी त्या खाचेवरून बोट फिरवलं. इतकं गुळगुळीत मी आयुष्यात काही बघितलं नव्हतं. विचारलं, हे कोण करतं? बाबा म्हणाले, "टूलरूमवाले. त्या लोकांचा चहासुद्धा येगळा येतो."

चहाचं सोडा, मला ती खाच करायची होती. त्यासाठी दहावीनंतर चार वर्षांचा डिप्लोमा असतो एवढं बाबांनी विचारून आणलं. निकाल लागला, मार्क चांगले पडले, फॉर्म घरी आला. भरून द्यायला महिना होता आणि खाली बापाची सही लागत होती. आयुष्य त्या सहीवर अडलं होतं, कारण निकालाच्या तिसऱ्या दिवशी मामा बजाजनगरला येऊन बसला.

"दाजी, पोरीच्या जातीला लोखंडापुढं उभं करता का?" मामा बाबांना म्हणाला. "आर्ट्सला घाला. दोन वर्षं, मग डी.एड. डी.एड. झालेल्या पोरीला स्थळं रांग लावत्यात. एक तर आत्ताच माझ्या नजरंत हाय."

आईच्या डोळ्यांत लगेच मांडव उभा राहिला. बाबा गप्प. बाबा मामापुढं नेहमीच गप्प, कारण हे प्रेसवर आणि तो गुरुजी.

मी म्हणाले, "मामा, तुम्ही सांगितलं त्या सगळ्यांना नोकरी लागली का?"

"व्हय तर! सगळ्यांना! दर रविवारी पेढे येत्यात, डोळे फुटले का तुझे? दीडशहाणी कुठली." मग आईकडं वळून, "शिंगं फुटली हिला. दहावीला मार्क पडले की असंच होतं."

आईनं मला आत जाऊन भांडी घासायला सांगितलं. घासली. आदळून घासली. मी हुशार होते म्हणून मला पुढचं सुचलं असं समजू नका. नुसती जळत होते. त्या माणसाला कुठंतरी खोटं पाडायचं एवढंच डोक्यात होतं. कढई घासता घासता मनात आलं, ज्याला लागली तो पेढे आणतो. ज्याला लागली नाही तो काय आणतो? तो येतच नाही. म्हणजे मामाला कायम लागलेलेच दिसणार. हा माणूस खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. यानं माझा राग कमी व्हायला पाहिजे होता. दुप्पट झाला.

पुढच्या रविवारी मी मामाकडं गेले आणि सरळ स्वयंपाकघरात ताईजवळ बसले. ताई म्हणजे मामाची मुलगी, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. ती चपात्या लाटत होती. मी विचारलं, "ताई, मामांनी आजवर कुणाकुणाला डी.एड.ला घातलं, तुला ठावं असंल का?"

ती हसली. "मलाच ठावं असणार. सगळ्यांचे फॉर्म माझ्याच अक्षरात हायेत. बाबा सांगायचे, मी लिहायचे."

ती लाटता लाटता नावं सांगत गेली आणि मी वहीच्या मागच्या पानावर लिहीत गेले. पान भरलं. मग मी विचारलं, "आणि तू?" ताई तीन वर्षांपूर्वी डी.एड. झाली होती. एका खाजगी शाळेत जायची. तिथं संचालकांच्या मनात आलं तर पगार व्हायचा. मामा जगाला सांगायचा, "आमची शिक्षिका हाय."

"मी घरातलीच ना," ताई म्हणाली. "मी कुणाला पेढे आणू?"

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आणि त्या अंधारात बसून ती पेढे घेऊन येणाऱ्यांसाठी चपात्या लाटत होती. मला तिथंच बाहेर जाऊन डब्यांची ती सगळी उतरंड पाडावीशी वाटली. पाडली नाही. वही घेतली आणि निघाले.

पुढचे तीन आठवडे मी आईला 'मैत्रिणीकडं जाते' सांगून माणसं शोधली. पहिला सापडला औरंगपुऱ्यात, एका पुस्तकांच्या दुकानात. हा मामाचा लाडका विद्यार्थी. घरात दखनी, वर्गात मराठी कविता अशी म्हणायचा की मामा अजून दाखले द्यायचा. दुकानात तो काय विकत होता? शिक्षक भरतीच्या परीक्षेचे गाईड. जी परीक्षा निघतच नव्हती तिचे गाईड, ज्याची स्वतःची भरती झाली नव्हती तो माणूस, त्याच्यासारख्याच रांगेतल्या पोरांना विकत होता. मी कोण ते सांगितल्यावर त्यानं मला स्टुलावर बसवलं, चहा मागवला. मी विचारलं, मामांना भेटायला का येत नाही?

"कैसा आऊं?" तो म्हणाला. "रिकाम्या हातानं गुरुजींकडं जायचं का? बहन, गुरुजीकू कुछ नको बोलो. उनकू बुरा लगेगा."

दुसरा दौलताबादला, किल्ल्याच्या पायथ्याशी, सीझनला सीताफळं, एरवी पाण्याच्या बाटल्या विकायचा. त्यानं तर मामाचं नाव काढल्यावर हात जोडले. "नोकरी लागली की येतो म्हणावं. पेढे घेऊनच येतो." तो तिशीला आला होता. तिसरी एक बाई. डी.एड. झालेली म्हणून मोठ्या घरात दिली, नोकरी लागंना म्हणून सासू रोज टोमणे मारायची. तिच्या सासूनं मला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. बाई दारातनंच म्हणाली, "मामांना सांग मी मजेत हाय." असं मजेत असलेलं माणूस मी पुन्हा बघितलं नाही.

मी नऊ जणांना भेटले. दोघांना नोकरी होती, सात जण वाट बघत होते. आणि त्या सातांपैकी एकानंही मामाला बोल लावला नाही. सगळ्यांना वाटत होतं की बाकीच्यांना लागली, आपणच कमी पडलो. कारण त्यांनीही कधी काळी मामाच्या घरात बसून ते डबे बघितले होते. याचा मला इतका संताप आला की परतीच्या रिक्षात मी रडले, आणि रिक्षावाल्यानं विचारलं तेव्हा त्याच्यावरच खेकसले.

आता माझ्या बाजूचं पण सांगते, नाहीतर म्हणाल, आपला तो बाब्या. मी बाबांना घेऊन डिप्लोमाची ती संस्था बघायला गेले. मी मशीन बघत होते आणि बाबांनी क्लार्कला एकच प्रश्न विचारला, "बायांचं संडास कुठंय?" तो बांधला होता, वर्कशॉपच्या पार दुसऱ्या टोकाला. कुलूप होतं. किल्ली ऑफिसात, आणि ऑफिस जेवायला गेलं की किल्लीही गेली. मी बाबांवर चिडले, असलं काय विचारता म्हणून. बाबा म्हणाले, "रोज आठ तास उभं राहायचं हाय तुला, मला नाय. तुझ्या त्या वहीत हे पण लिही." लिहिलं. मुली किती असतात विचारलं, तर क्लार्क म्हणाला, "येतात दोन-तीन." येतात म्हणाला. टिकतात किती, हे मी विचारलं नाही. नऊ घरं पालथी घालणारी मी, तिथं मला उत्तर नको होतं.

फॉर्मचा शेवटचा आठवडा आला. मामानं सगळ्यांना रविवारी बोलावलं, आर्ट्सच्या ॲडमिशनचं पक्कं करायला. आम्ही पोचलो तेव्हा एक पेढेवाला नुकताच उठून गेला होता. मामा फुलून बसलेला. मामीनं बशी माझ्यापुढं केली. मी घेतली नाही. वही काढली आणि वाचायला लागले. कोण, कुठं, काय करतो. मधे थांबले नाही.

पहिली तीन नावं होईपर्यंत मामा ऐकत होता. मग ओरडला, "त्यांनी अभ्यास केला नसंल! आळशी लेकाचे! दुकानात बसून नोकऱ्या लागत्यात व्हय?"

"ताईनं पण केला नाय का?" मी म्हणाले.

मामीच्या हातातली बशी तिथंच थांबली. आईनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की वळ आठवडाभर राहिला. मामा उठून उभा राहिला. त्याचा हात वर गेला होता, माझ्यावर की कपाळावर मारून घ्यायला, मला अजून सांगता येणार नाही. तेवढ्यात ताई दारात आली. पिठाचे हात तसेच.

"बाबा," ती म्हणाली, "तिचं खरं हाय. तुम्ही मला कधी विचारलंच नाय."

मामा खाली बसला. पण मोडला वगैरे नाही, असली माणसं मोडत नाहीत. त्यानं बाबांकडं बोट केलं. "दाजी, ही पोरगी तुमच्या डोक्यावर मिऱ्या वाटणार. उद्या तोंड काळं झालं तर माझ्या दारात येऊ नका. बोला, काय ठरवलं?"

बाबांनी शर्टाच्या खिशातून घडी केलेला फॉर्म काढला. माझ्या डिप्लोमाचा. तो त्यांनी बरोबर आणलाय हे मलाही माहीत नव्हतं. गुडघ्यावर पसरला, खिसा चाचपला आणि म्हणाले, "पेन हाय का गुरुजी?"

मामाच्या खिशाला दोन पेनं होती. एक निळं, एक लाल. त्यानं दिलं नाही. ताईनं आतून आणून दिलं, आणि पीठ लागलेल्या त्या पेनानं बाबांनी सही केली.

मामा त्यानंतर माझ्याशी बोलला नाही. माझ्या लग्नाला आला, जेवला नाही, अक्षता टाकून गेला. मी डिप्लोमा झाले तेव्हा आई म्हणाली, जा, पेढे देऊन पाया पड, मिटव एकदाचं. मी गेले नाही. मेले तरी त्याच्या उतरंडीत माझा डबा लागू देणार नव्हते.

ती चार वर्षं सोपी नव्हती. आम्ही बॅचला तिघी मुली. तिघींत मिळून ती एक संडासाची किल्ली, क्लार्कच्या हातापाया पडून मिळवलेली. आतली कडी मोडकी होती, म्हणून एकजण कायम बाहेर पहारा द्यायची. त्यातली एक, उंच, सावळी, बोलायला कमी, ती नेहमी म्हणायची, तुम्ही जा, मी उभी राहते. पोरं येता-जाता काहीबाही बोलायची. ती तिथंच हात बांधून उभी राहायची. दुसऱ्या वर्षात ती यायची बंद झाली. तिसरी शेवटपर्यंत होती, मग कुठं गेली कोण जाणे. मी नोकरीला लागले, डाय करायला शिकले, चुकले, शिव्या खाल्ल्या, परत शिव्या दिल्या. आज टूलरूम माझ्या हाताखाली आहे. माझा चहा वेगळा येतो.

आणि आता लोक पोरींना माझ्याकडं घेऊन येतात. मॅडम, तुम्हीच सांगा, काय करू दे हिला? मी सांगते, टूलरूमला घाला. मला बघा. ज्या पोरींचं नीट लागतं त्या पुढं पेढे घेऊन येतात. मी खात नाही. कामगारांना वाटून टाकते.

या जूनमध्ये आमच्या कॉलनीतली एक बाई तिच्या लेकीला घेऊन आली. दहावीचा निकाल लागलेला. मी माझं सुरू केलं, मला बघा वगैरे. पोरगी वही उघडून बसली होती. मला म्हणाली, "काकू, तुमच्या बॅचला मुली किती होत्या?"

"तीन."

"बाकीच्या दोघी आता काय करतात?"

माझ्या तोंडात शब्द आला, दीडशहाणी. अगदी मामाच्या आवाजात आला. तिची आई तिच्यावर ओरडली, "मोठ्या माणसांना असं विचारतात का गं?" आणि मला बरं वाटलं, कुणीतरी तिला गप्प केलं म्हणून. एवढं बरं वाटलं, त्याचीच मग शरम वाटली.

"विचारू दे," मी म्हणाले. "मला माहीत नाही."

"नंबर असेल ना त्यांचा?"

मी फोन हातात घेतला, उगाच वरखाली केला. नव्हता. पंधरा वर्षांत कधी घेतलाच नव्हता. त्या माझ्याकडं आल्या नाहीत आणि मीही त्यांना शोधायला गेले नाही.

"नावं सांगा," पोरगी म्हणाली. पेन उघडून बसली होती. "मी शोधते."

एकीचं सांगितलं. ती लिहून थांबली आणि माझ्याकडं बघत राहिली. जी दाराबाहेर हात बांधून उभी राहायची, तिचं नाव मला आठवेना.